फाटकासमोरची तीन मिनिटं

सिस्टर, १९५३ सालच्या ऑगस्टची वीस तारीख, गुरुवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. वेळ मला पाठ आहे, कारण ती तुम्हीच झग्याच्या खिशातलं घड्याळ काढून मोठ्यानं सांगितली होतीत. पुण्याच्या आपल्या शाळेच्या फाटकासमोर टांगा उभा होता. टांग्यात माझे वडील होते, आणि बोर्डिंगच्या मुलींना भेटायचा वार रविवार. "फाटकासमोर गाडी थांबत नाही," तुम्ही तुमच्या जर्मन वळणाच्या इंग्रजीत म्हणालात. मग माझ्याकडे वळून, "तीन मिनिटं." वडील ऑपरेशनसाठी मुंबईला निघाले होते. ते परत आले नाहीत. त्या तीन मिनिटांसाठी मी चोपन्न वर्षं तुमच्यावर रागावलेली आहे. तुम्हाला जाऊनही त्यातली बरीच वर्षं झाली, पण तेवढ्यासाठी राग कमी करावासा मला कधी वाटला नाही.

आज लिहायला बसले ती मुलामुळे. मी सिंगापूरला सेंगकांगमध्ये त्याच्याकडे राहते. तो बँकेत आहे, आणि बँक त्याला दोन वर्षांसाठी तुमच्या देशात पाठवते आहे. तिथे गाडी चालवायची म्हणून त्यानं तिकडच्या रस्त्यांवरच्या पाट्या इंटरनेटवरून छापून आणल्या आणि जेवणाच्या टेबलावर पसरल्या. एक निळी गोल पाटी, लाल कडा, आत एकच तिरकी लाल रेघ. खाली छोटी पट्टी, सात ते अठरा. मुलगा म्हणाला, "म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सहा गाडी लावता येईल." इथल्या कारपार्कच्या पाट्यांवर कूपन लागण्याचे तास लिहिलेले असतात. त्या तासांत कूपनची कागदी टोकं फाडून ते काचेमागे ठेवलं, की गाडी लावायला मोकळे. डोळ्यांना तेवढीच सवय. मी म्हटलं, "अरे शहाण्या, वरची पाटी मनाईची आहे, म्हणजे तास मनाईचे. सहानंतर ती मनाई झोपते, तेव्हा लाव तुझी गाडी."

"आणि हेच तास निळ्या 'पी'च्या पाटीखाली असले तर?"

"तर तिथली अट तेवढ्या तासांपुरती. आधी वरचं वाचायचं, मग खालचं. शाळेत कुणी शिकवलं नाही का तुला?"

नात टीव्हीवरची नजर न काढता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी शुड ड्राइव्ह लाह."

"आजी चालवेल," मी म्हटलं, "पोलिसांना विचार, त्यांना झेपेल का."

मग मुलानं पुढचं वाचलं. आत लाल फुली असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. एकच रेघ असेल तर तीन मिनिटं थांबता येतं. "आणि आई, माणसं चढवायची-उतरवायची असतील किंवा सामान, तर तीन मिनिटांची अटसुद्धा नाही. उगाच रेंगाळायचं नाही, इतकंच. चांगलंय की." मी उठून स्वयंपाकघरात गेले. लाडवांचं बेसन भाजून परातीत निवत होतं. त्याच्याकडे बघत तिथेच उभी राहिले.

टांग्यात ट्रंक आहे, वळकटी आहे, आणि वडिलांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. तुम्ही मला विचारता, "त्यांनी तुझ्यासाठी काही आणलंय?" मी म्हणते, "नाही, सिस्टर." तुम्ही पुन्हा विचारता, जरा सावकाश, "काहीच उतरवायचं नाही? नीट बघून सांग." मी बारा वर्षांची आहे. रविवारखेरीज आलेला खाऊ तुमच्या कपाटात जातो, हे बोर्डिंगच्या सगळ्यात लहान मुलीलाही माहीत आहे. चौकशी कशी सुरू होते ते मला नीट कळतं. "नाही, सिस्टर." वडिलांना इंग्रजी फारसं येत नाही, पण माझी मान हललेली त्यांना दिसते, आणि ते डबा मांडीवरून काढून पायानं सीटखाली सारतात. तुम्ही घड्याळाकडे बघता. वडील विचारतात, जेवतेस ना नीट? मी हो म्हणते. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारतात. टांगेवाला लगाम ओढतो.

आईनं केलेल्या लाडवांचा तो डबा पुढे ट्रंकेबरोबर घरी आला. फडक्याची गाठ वडिलांनी मारलेली, तशीच. आईनं ती कुणाला सोडू दिली नाही.

आता मला सांगा, तुम्ही दोनदा का विचारलंत? ही पाटी तुमच्या वेळी तिकडे होती की नाही, देव जाणे. तुम्ही देश सोडलात तेव्हा तुमच्या गावात मोटारीसुद्धा नसतील. पण सामान उतरवायला लागणारा वेळ मोजायचा नसतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला वाट करून देत होतात आणि तुम्ही लाडवांच्या मागे आहात हे मी धरून चालले, असं झालं का? तसं असेल तर ते धड बोलायचं. तुमच्या देशातले लोक मनाई लावतात तर तिच्याखाली पट्टीही लावतात, कधीपर्यंत आणि कुणाला नाही ते लिहून. तुम्ही आम्हाला सात तऱ्हेचे टाके शिकवलेत. "सामान आहे म्हण, मुली," एवढं एक वाक्य तुम्हाला जड गेलं? आणि तुम्ही खरोखर खाऊच शोधत असाल, तर तेही लिहा. मला ते जास्त आवडेल. त्या रागाची मला सवय आहे.

अजूनही कॉरिडॉरमध्ये तुमच्या कमरेच्या जुडग्यासारख्या कुणाच्या किल्ल्या वाजल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते. वडिलांचा त्या दिवशीचा चेहरा मला आठवत नाही, सिस्टर. खूप प्रयत्न केला. तुमचं घड्याळ आठवतं, काचेवरच्या चऱ्यासकट.

शनिवारी संध्याकाळी सहा वाजता मुलाला न्यायला टॅक्सी येईल. आमच्या ब्लॉकखाली टॅक्सीला फार वेळ उभं राहू देत नाहीत. तुमचं उत्तर मला त्याआधी हवं, लेखी. हा कागद टेबलाच्या खणातून बाहेर पडणार नाही हे मला कळतं, पण मुदत मी वाढवणार नाही.

मघाशी मुलगा म्हणाला, "आई, एवढ्या पिशव्या कशाला? सगळं एका बॅगेत मावेल." मी म्हटलं, "लाडू चुरतील. तू तुझ्या पाट्या वाच." खरं तर सगळं एका बॅगेत मावतं, मी काल मांडून पाहिलं होतं. तरी लाडू वेगळे बांधलेत, चिवडा वेगळा, मेतकूट वेगळं, लोणचं वेगळं. खाली नेऊन एकेक टॅक्सीत ठेवायचंय, आणि ते सगळं मी माझ्या हातानं ठेवणार आहे.