अहवालात नसलेलं नाव

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४, नागपूर

शामराव आज दुपारी धंतोलीच्या दवाखान्यात वारले. वरोऱ्याकडच्या त्यांच्याच शेतात, वालुकाश्मात, डायनोसॉरचं मांडीचं हाड सापडलं होतं. मी त्या भागात खडक तपासत फिरत होतो, पण हाड पाहिलं त्यांनी. नांगर अडला तेव्हा हातानं माती उकरली, ऊन लागू नये म्हणून वर स्वतःचं उपरणं टाकलं आणि मला शोधत आले.

त्या हाडाच्या छापील अहवालात मी लिहिलं, 'एका शेतात आढळले.' नाव का नाही घातलं? जागा नव्हती? खोटं. सुचलंच नाही. उपरणं मात्र आठवत होतं.

रविवारी खाटेवरून त्यांनी विचारलं, "साहेब, माह्यं नाव लिवलं ना जी त्या कागदात?"

मी हो म्हणालो. ते बायकोकडे वळले. "आयकलं का वं, आपलं नाव छापलं हाय."

इतके खूश झाले की मला तिथे उभं राहवेना.

आज पार्वताबाईंनी, त्यांच्या बायकोनं, तो कागद मागितला. घरी ठेवायला. त्यांच्यापुढे दुसऱ्यांदा खोटं बोलणं जमलं नाही. सगळं सांगितलं. आता बोलतील, या भीतीनं मान खाली घालून उभा राहिलो.

त्यांनी हळूच विचारलं, "त्याइले तं नाही सांगतलं ना?"

"नाही."

"बरं केलं," म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.