केंद्रकाचं काय होतं?

३ मार्च
चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.
इकडे सर्व ठीक. एक फजिती सांगतो. शेजारच्या मास्तरीणबाईंनी कोट शिवायला टाकला होता. माप समोर लिहिलेलं, तरी कात्री चालली तुझ्या आईच्या मापावर! ती जाऊन वर्ष होत आलं, पण हात अजून तिचंच ऐकतात. बाईंचा दंड बाहीत शिरेना तेव्हा कळलं. त्या हसल्या, मीही हसलो. त्या गेल्यावर मात्र मशीनपाशी बसून रडलो.
लोभ आहेच.
तुझा बाबा

११ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
पत्र दोनदा वाचलं. आमच्या प्रयोगशाळेत सध्या अमिबा आहेत, एकाच पेशीचे जीव. त्यांचं केंद्रक, म्हणजे पेशीला हुकूम सोडणारा गोळा, मी सुईने काढून घेते. मागे उरतं पेशीद्रव, म्हणजे केंद्रकाभोवतीचा चिकट रस. ते लगेच मरत नाही हो, आधी आलेल्या निरोपांवर दिवस काढतं. पण नवा निरोप येत नाही, गिळलेलं पचत नाही, हळूहळू मुटकुळं करून पडतं. वेळेत दुसरं केंद्रक घातलं तर पुन्हा चालू लागतं.
बाबा, जुन्या निरोपांवर किती दिवस काढणार? इकडे या. माझं छान चाललंय.
माया आहे ती वाढावी.
ठकू

१९ मार्च
चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.
मी येत नाही. तुझ्या गळ्यात म्हाताऱ्याचं लोढणं कशाला? पण शिंप्याची खोड, कापून टाकलेल्या तुकड्याकडेच लक्ष जातं. बाहेर काढलेल्या केंद्रकाचं काय होतं गं?
तुझा बाबा

२७ मार्च
ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.
ते तर आधी मरतं. सगळे हुकूम त्याच्यापाशी, पण ऐकायला आणि खाऊ घालायला भोवती पेशीद्रव नको? उघड्या पाण्यात क्षणभर टिकत नाही. त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.
बाकी मजेत. दोन दिवस सुट्टी होती. आज दुकानदाराने काय हवं विचारलं, तर माझा आवाजच फुटेना. घसा बसला असेल.
ठकू

४ एप्रिल
चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.
घसाबिसा काही बसलेला नाही तुझा, दोन दिवस बोलायला कुणी नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा! माझी कीव येऊन बोलावतेस असं वाटलं, म्हणून अडून बसलो होतो.
शनिवारी सकाळी पोहोचतो. मशीन सोबत आहे, जड आहे, उचलू लागायला खाली ये. प्रवास कसा झाला, जेवलात का, असलं काही मला विचारू नकोस. तू बोल. आधी तू पोटभर बोल.
तुझा बाबा