दिलगिरीची ओळ

४ मार्च

बाबांनी कप फेकून मारला. कानाजवळून गेला, भिंतीवर फुटला. पूर्वी त्यांचा नेम चुकत नसे. मी एवढंच म्हणालो होतो – "सात परत म्हणा, शेवटी आवाज पडला."

"एकतीस वर्षांत माझा आवाज पडला नाही, तू कोण सांगणारा?"

तुकडे गोळा केले. फडक्यात गुंडाळले. मग म्हटलं, "बरं, आठ घेऊ." घेतला आठ.

हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच खरं वाटणार नाही. बाबा स्टेशनवर अनाउन्सर होते. एकोणीस तारखेला त्यांच्या घशातली गाठ काढणार, आणि तिच्यासोबत स्वरयंत्रही. त्यानंतर आवाज संपला. आणि ज्या आवाजाला घाबरून मी शाळेत जायच्या वयात चड्डी ओली केली, तोच आवाज मी जपून ठेवतोय. कशासाठी, तर रेल्वे चालवायच्या गेमसाठी! आम्ही दहा-बारा रिकामटेकडे मिळून त्या गेमसाठी खऱ्यासारखे आवाज बनवतो. त्यातल्या घोषणा यंत्राच्या आवाजात आहेत, ऐकवत नाहीत. आमचा म्होरक्या, ज्याला सगळे गार्डसाहेब म्हणतात, म्हणाला, खऱ्या माणसाचा आवाज हवा. माझ्या तोंडून निघून गेलं – माझ्याकडे आहे.

६ मार्च

ठरलेल्या ओळी सोडल्या, तर अख्खी वाक्यं घेत नाही. तुकडे घेतो. आकडे वेगळे, स्टेशनं वेगळी, "फलाट क्रमांक" वेगळं. आकडा दोनदा घ्यायचा – एकदा वाक्याच्या मधला, चढा. एकदा शेवटचा, उतरता. गेम नंतर हवे तसे जोडून घेतो. यादीत एकशे चाळीस तुकडे आहेत.

आवाज घुमू नये म्हणून बाबांना त्यांच्या घरच्या भिंतीतल्या कपाटात बसवतो. आत रजया टांगल्यात. याच कपाटात ते मला कोंडायचे. आज दार मी लावलं, बाहेरून. कडी घातली नाही. पण हात कडीवर होता, बराच वेळ.

आतून आवाज आला – "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." लोण्यासारखा. स्टेशनवरची माणसं आईला म्हणायची, तुमचं भाग्य, असा माणूस घरात. आई होती तोवर मूग गिळून बसायची.

७ मार्च

ताईला नमुने पाठवले. संध्याकाळी तिचा फोन. "एका कानाने ऐकलं, छान आहेत," म्हणाली.

तिचा डावा कान अकरा वर्षांची असताना गेला. पाहुण्यांसमोर तिने बाबांची नक्कल केली होती, अगदी हुबेहूब, "गाडी थोड्याच वेळात येत आहे." सगळे हसले. बाबाही हसले. पाहुणे गेले, दार लागलं आणि एकच थप्पड. सकाळी उशीवर रक्त होतं. आईने उशी उलटी केली.

मग ताईने विचारलं, "ती ओळ आहे का रे त्यात? गाडीला झालेल्या उशिराबद्दल आम्ही दिलगीर आहोत?"

"असणारच. यादीत आहे."

"ती मला पाठव. जोडकाम नको. त्यांनी एका दमात म्हटलेली हवी."

ती गेमसाठी नको होती तिला. मला कळलं. मलाही तेच हवंय, हे तोवर मला ठाऊक नव्हतं.

९ मार्च

एकशे बारा झाले. बाबा आज चांगले होते. स्वतःहून "बारा" परत म्हणाले.

११ मार्च

नाही म्हणाले.

ती ओळ त्यांनी आयुष्यात कधी म्हटलेलीच नाही! केबिनमध्ये तिच्यासाठी वेगळं बटण होतं. कुणा बाईच्या आवाजात आधीच भरून ठेवलेली. गाडीला उशीर झाला की बाबा बटण दाबायचे आणि चहा प्यायचे. एकतीस वर्षं.

"गाडी उशिरा आणली ड्रायव्हरने. दिलगीर मी का?"

"गेमसाठी म्हणा हो. चार सेकंदांचं काम आहे."

"तुम्हाला खऱ्यासारखं हवंय ना? मग खरं हेच आहे. बाई शोध."

तळपायाची आग मस्तकात गेली. कपाटाच्या दारावर बुक्की मारली. बोटं सुजली आहेत, हे अक्षर त्यामुळे असं.

१२ मार्च

कामावर लिफ्ट दुरुस्त करताना सोबतच्या मेकॅनिकने चुकीचा बोल्ट दिला. मी पाना फेकला. त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला. तो म्हणाला, "घरी पण असाच वागतोस का?"

घरी गेलो तेव्हा बायको मुलीला घेऊन आतल्या खोलीत होती. हल्ली माझी किल्ली वाजली की त्या आत जातात.

१५ मार्च

एकशे एकोणचाळीस. एक उरली.

गार्डसाहेबांनी कळवलं, "एका ओळीसाठी अडू नका, दुसऱ्या कुणाकडून घेऊ." नाही. दुसऱ्या कुणाची नकोच आहे. ऑपरेशनला चार दिवस.

१७ मार्च

हेही लिहून ठेवतो. 

आज सरळ सांगितलं. "ताईचा कान तुम्ही फोडलात. तिला ही ओळ तुमच्या तोंडून ऐकायची आहे. गेमचं मरू दे."

बाबा म्हणाले, "नाटकं आहेत तिची. सगळं ऐकू येतं तिला."

मी त्यांचा दंड धरला आणि कपाटात ढकललं. त्यांनी माईकचा लोखंडी स्टँड उचलून माझ्या हातावर घातला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग स्टँड माझ्या हातात आला. किती फटके मारले, माहीत नाही. थांबावं असं वाटलं नाही, हे खरं. बरं वाटत होतं, हेही खरं.

ते ओरडले नाहीत. दोन्ही हातांनी गळा झाकून रजयांत बसले. छातीवर मार घेतला, पाठीवर घेतला, गळा सोडला नाही.

स्टँड टाकला. रेकॉर्डिंग चालूच होतं, बंद केलं. त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला आणि निम्मं प्यायले.

१८ मार्च

दोन बरगड्या मोडल्या आहेत. डॉक्टर म्हणाले, छाती अशी असताना भूल देता येणार नाही, उद्याचं ऑपरेशन रद्द. तीन आठवडे तरी थांबावं लागेल. "तोवर गाठ गप्प बसेल का?" मी विचारलं. "ते मी कसं सांगू?"

मग त्यांनी विचारलं, हे झालं कसं. माझं तोंड उघडलं होतं. पण बाबाच बोलले, तोच लोण्यासारखा आवाज – "बाथरूममध्ये पाय घसरला." आई डॉक्टरांना हेच सांगायची. शब्दसुद्धा हेच.

डॉक्टरांनी माझ्या हातावरचा वळ पाहिला. कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, विचारायचं धाडस झालं नाही.

ताईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुला ओळ मागितली होती. मार म्हणाले होते का?" फोन ठेवला.

१९ मार्च

बायको मुलीसह तिच्या आईकडे गेली. भांडण नाही, चिठ्ठी नाही. मुलीचं दप्तर नाही म्हणून कळलं.

२ एप्रिल

काल जेवताना बाबांचा श्वास कोंडला. गाठ वाढली होती. गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा कुठे छाती हलली. आवाज गेला. आणि आता गाठ काढण्यातही अर्थ नाही, इतकी पसरली आहे. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, ठरल्या दिवशी झालं असतं तर गोष्ट वेगळी होती.

ठरल्या दिवशी. भिंतीला टेकून उभा राहिलो. कुणीतरी स्टूल दिलं.

बाबांना लिहायला पाटी दिली आहे. पहिल्यांदा लिहिलं – "पंखा कमी करा."

८ एप्रिल

ती ओळ बनवता येईल. त्यांचे एकशे एकोणचाळीस तुकडे माझ्याकडे आहेत, त्यांत हवे ते सगळे आवाज आहेत. दोन तासांचं काम. आज बसलो. "दिल" झालं, "गीर" झालं, कुणाच्या बापाला कळलं नसतं. मग ताईचं "जोडकाम नको" आठवलं. पुसून टाकलं.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंगही आहे. मोजून अठ्ठावन्न सेकंद. ऐकलं. माझाच आवाज आहे नुसता. शिव्या. बाबांचा फक्त श्वास.

दुपारी ताई हॉस्पिटलात आली.  बाबांची चादर नीट केली आणि खुर्ची ओढून बसली.

११ एप्रिल

माईक हॉस्पिटलात नेला. ती ओळ मीच म्हटली, बाबांच्या समोर बसून. त्यांनी हेडफोन लावून ऐकली आणि पाटीवर लिहिलं – "परत." नऊ वेळा म्हणायला लावली. नऊही वेळा मी त्यांनाच म्हणत होतो.

मग त्यांनी हेडफोन काढले, खुर्चीतल्या ताईला खुणेने जवळ बोलावलं आणि तिच्या उजव्या कानावर धरले. उजव्याच. डावा गेलाय, हे त्यांना ठाऊक होतं.

ताईने शेवटपर्यंत ऐकलं. "हा त्यांचा आवाज नाही," मला म्हणाली, आणि पर्स घेऊन निघून गेली.