मारेनचं पहिलं काडतूस

११ ऑगस्ट
मारेनला सोळा पूर्ण झाली. शिकारीचा कोर्स तिने वसंतातच उरकला होता. म्हणजे या शरदात एल्कच्या शिकारीला लेक माझ्याशेजारी उभी राहणार. दलदलीच्या काठच्या माझ्या ठाण्यावर. पहिली गोळी झाडताना मी बाजूला असणार. हे ठरलेलंच. प्रश्न उरला तिच्या पहिल्या काडतुसाचा. काडतूस ठरलं की रायफल आपोआप ठरते. हे काम स्वतःकडे ठेवलंय. पूर्वग्रहरहित अभ्यास करणार.

१३ ऑगस्ट
गुनवोरताई कॉफीला आली. म्हणाली, त्यात ठरवायचं काय, माझी साडेसहा मिलिमीटरची कपाटात पडलीय, ती दे पोरीला. त्याच काडतुसावर बाबा शिकले, मी शिकले, तूही शिकलास. समजावलं की एल्क हे घोड्याहून उंच जनावर, काडतुसात थोडी शक्ती शिल्लक हवी. म्हणाली, शिल्लक कशाला? तो एकदाच मरतो.
ताईचं वाचन नाही.

१९ ऑगस्ट
अभ्यास संपला. तीनशे मॅग्नम घेतली, साडेसहाच्या कितीतरी पट जोराचं काडतूस झाडणारी. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? लेकीसाठी, म्हटलं. त्याने तिचं वजन विचारलं. अगोचरपणा. गोळी सुटताना खांद्याला बसणारा दणका हा केवळ सवयीचा विषय. आधी मी स्वतः वापरून रायफल माणसाळवतो, मग तिच्या हातात देतो.

२२ ऑगस्ट
रेंजवर पहिली गोळी. दणका जाणवण्याइतका आहे. रायफलवरची दुर्बीण भुवईला किंचित लागली. टाके फार नाहीत. पट्टी बदलताना बायको म्हणाली, हल्ली एल्कसुद्धा उलट गोळ्या झाडतात वाटतं. बायकोच्या विनोदांना उत्तर द्यायचं नाही, हा जुना संकल्प. टिकला.

२७ ऑगस्ट
वार्षिक नेमबाजी परीक्षा. शंभर मीटरवर रेनडिअरच्या आकाराची पाटी, तिच्यावर वर्तुळ, पाच गोळ्या, पाचही आत. मारेन पास. ताईची साडेसहा घेऊन, तात्पुरती. माझ्या दोन आत, एक शिंगाला. बाकीच्यांबद्दल पाटीला काही माहीत नाही.
नळी नवी आहे. शिवाय वारा. आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या हालवर म्हणाला, वारा नाहीये, एविन. त्याच्या उंचीवर नसेल.
त्याने नियमही ऐकवला: शिकाऊ पोरीशेजारी जो उभा राहील, तो यंदाची परीक्षा पास झालेला हवा. मला नियम सांगतो. आजवर कधी नापास झालेलो नाही. वीस सप्टेंबरपर्यंत परीक्षा हव्या तितक्या वेळा देता येते.

३१ ऑगस्ट
काडतुसांचा ब्रँड बदलला. दुर्बीण बदलली. खांद्यापाशी घरची उशी. निकाल तोच. मारेन म्हणाली, बाबा, तू माझ्या रायफलने मार ना. 'माझ्या' हा शब्द टिपून ठेवतो. नाही म्हटलं. मग अभ्यासाला अर्थ काय उरला?

६ सप्टेंबर
ताईने दगा दिला. आज तुझी रायफल मी भरते, म्हणाली. मला वाटलं, माया. दोन गोळ्या झाल्यावर चाप ओढला तर आवाजच नाही. आत रिकामं काडतूस. पण नळी गवताकडे झुकली, खांदा मागे गेला, आणि ताईच्या सांगण्यानुसार मी डोळे गच्च मिटून 'आई गं' म्हणालो. सगळे बघत होते. कोणी हसलं नाही. हालवर कॉफीच्या कपात बघत राहिला. ताई म्हणाली, अरे, गोळी सुटायच्या आधीच घाबरतोस तू. मारेन म्हणाली, आत्या, पुरे.
निष्कर्ष: चाप जड आहे.

१३ सप्टेंबर
केवळ तुलनेसाठी साडेसहा घेतली. एक बाहेर गेलीच. इतकी मऊ रायफल, तरी दचकतो. अर्थात दोष मॅग्नमचा नाही, हे सिद्ध झालं. कोणाला सांगितलं नाही.

१७ सप्टेंबर
संकल्प: रोज सकाळी रिकाम्या रायफलने सराव, डोळे उघडे. आज केला नाही. खांदा दुखतो. खरं तर सगळंच दुखतं. उद्यापासून.

२० सप्टेंबर
शेवटची संधी. संध्याकाळपर्यंत रेंजवर. मारेन थांबली होती, दर फेरीला पाटीवर नवा कागद लावत. एका फेरीत चार आत गेल्या. पाचवीला डोळे उघडे ठेवायचं ठरवलं. ते ठेवण्यात इतका गुंतलो की नेम धरायचा राहिला.
गाडीत ती म्हणाली, चालेल बाबा. मी म्हटलं, न चालायला काय झालं?

२५ सप्टेंबर
शिकारीचा पहिला दिवस. दलदलीच्या ठाण्यावर मारेन, शेजारी ताई. मला हालवरने हाकाऱ्यांत घातलं. बंदूक नाही, टाळ्या वाजवत जंगलातून चालायचं. तत्त्वतः हे काम महत्त्वाचं. हालवर कुत्रं घेऊन बाजूने चालत होता.
न्याहारीनंतर दलदलीकडून गोळीचा आवाज आला. एकच.
हालवरला म्हटलं, बघितलंस? दचकलो नाही.
त्याने खुणेने काहीतरी सांगितलं. मला कळेना. मग जवळ येऊन ओरडला, कानांवरचे हात काढ. वॉकीटॉकीवर पोरगी केव्हाची तुला हाक मारतेय.