कापणीनंतर बसलेला माणूस

३ सप्टेंबर १९६६, कौनास

भट्टी उघडली. चोवीसच्या चोवीस फरशा धड! आमच्या कारखान्याच्या चित्रकार तेक्लेबाईंनी जमिनीवर आपलं चित्र जुळवलं आणि मी हातावरची झिलई पुसायचीच विसरले. गालावर हात टेकून बसलेला माणूस – नुसत्या चौकोनी, रांगड्या रेघा, तपकिरी आणि मधासारखा पिवळा. पण काय दमलाय! गावोगावच्या वाटेवर खांबावर लाकडी येशू असाच बसलेला असायचा, सरकारने ते खांब पाडले त्याआधी. बाईंनी काटेरी मुकुटाऐवजी गव्हाच्या ओंब्या घातल्यात. कागदावर नाव – ‘कापणीनंतर’. या बाईचे हात सोन्याने मढवावेत!

५ सप्टेंबर

सूतगिरणीचे संचालक शिम्कुस तपासणीला आले. खानावळीच्या भिंतीसाठी चित्र त्यांनाच हवंय. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, हा एवढा उदास का? बाई शांतपणे म्हणाल्या, "कॉम्रेड, दिवसभर गहू कापून बघा, म्हणजे कळेल." मंजूर! येशू ओळखला असता तर चित्रही गेलं असतं आणि बाईंची नोकरीही.

२० सप्टेंबर

चित्र लागलं. त्याच्यासमोर गिरणीतल्या बायका हळू बोलतात. बिटाचं सूपसुद्धा भुरके न मारता!

३ नोव्हेंबर

घात झाला. काल मृतांचा दिवस. कुणीतरी चित्राखाली मेणबत्ती लावली, तिचं बघून दुसरीने. संध्याकाळपर्यंत एकोणीस! दमलेल्या शेतकऱ्यापुढे मेणबत्त्या कोण लावतं? शिम्कुसनी तक्रार करून बाईंना कामावरून काढायला लावलं. चित्र उखडून नदीत टाकायचा हुकूम निघाला. मी त्या बायकांना मनसोक्त शिव्या घातल्या. बाई मात्र म्हणाल्या, "अगं, एकोणीस मेणबत्त्या! मला आणखी काय हवं?" मग मलाच रडू फुटलं.

७ नोव्हेंबर

गवंडी युर्गिसने चित्र उखडायला तीन दिवस लावले. फोडायचं असतं तर तासाचं काम! फरशांची पेटी नदीवर पोचली ती रिकामी.

१७ नोव्हेंबर

सूत कातणाऱ्या मोनिकाकडे गेले होते. चुलीच्या वर, भिंतीत – डावा गुडघा! तिच्या शेजारणीकडे ओंब्या. बाईंना सांगितलं. आता त्या घरोघरी पाहुण्या म्हणून जातात, आपलं चित्र बघायला. चेहरा तेवढा फुटला म्हणे. युर्गिस त्यावर जास्त बोलत नाही.

८ डिसेंबर

शिम्कुसांच्या बायकोने घरी बोलावलं. एका फरशीच्या कोपऱ्याचा टवका उडालाय, झिलई लावून देशील का, म्हणाली. झोपायच्या खोलीत, पलंगाच्या वर – चेहरा.

"यांनी स्वतः आणलाय. कुणाला बोलू नकोस हं."