ठकीसाठी सात पायऱ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकांनी आज स्पष्टच सांगितलं — चोवीस तारखेपर्यंत ठकी वर्गात बसली नाही, तर तिचं हे वर्ष गेलं. तीन आठवडे! अकरा वर्षांची पोर, महिना झाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तिचे बाबा सामान घेऊन दुसरीकडे राहायला गेले, त्या दिवसापासून.

ताईनं पुस्तक दिलंय. मुलांच्या मनातली भीती कशी घालवावी. तीनशे बारा पानं! वाचणार. नुसतं वाचणार नाही, करणार.

मंगळवार, ४

पान ४१ — भीतीच्या पायऱ्या पाडा. सोपी खाली, अवघड वर. घाई नको, पण माघारही नको. हे मला लगेच पटलं. आम्ही लॅबमध्ये कवळी कशी करतो? आधी हिरड्यांचा ठसा, मग साचा, मग दात मेणात बसवून बघायचे, मग पक्के करायचे. एक पायरी गाळली की कवळी तोंडात टोचलीच.

कपाटाच्या दारावर कागद चिकटवला. गणवेश. जिना. कोपरा. फाटक. पटांगण. वर्ग — मी बाहेर बाकावर. वर्ग — मी कामावर.

ठकी बराच वेळ बघत उभी होती. म्हणाली, "सातवी नको." म्हटलं, सातवीचं सातवीला बघू.

शुक्रवार, ७

गणवेश झाला, जिना झाला. वेणीसुद्धा स्वतः घातली. गुणाची ग माझी बाय!

पण मी लॅबमध्ये गेले की तासातासाला फोन, आणि घरात पाठ सोडत नाही. आंघोळीला गेले तरी दाराबाहेर उभी. "आई, झालं? आई, बोल ना काहीतरी!" पान ८८ वर याला नाव आहे — चिकटणं. जास्त लक्ष देऊ नका, म्हणतात. नाही दिलं.

मंगळवार, ११

कोपरा! मध्ये एकदाही थांबली नाही.

बुधवार, १२

ताईचा फोन. "तू जेवतेस का नीट?" मला काय धाड भरलीय! पोरीचं विचार म्हटलं.

लॅबमध्ये मेणवाले काका माझ्या टेबलापाशी आले, हळूच म्हणाले, "बाई, डावीकडची दाढ उजवीकडे बसवलीत. या आठवड्यात तिसऱ्यांदा." वीस वर्षांत असं झालं नव्हतं. हसण्यावारी नेलं आणि सगळे दात काढून पुन्हा बसवले.

पुस्तकात शेवटी आयांसाठी अडीच पानं आहेत. ती सोडली. आधी पोर उभी राहू दे, मग माझी रडगाणी.

सोमवार, १७

फाटक आणि पटांगण एकाच दिवशी! पटांगणात मैत्रीण भेटली. दोघी कानात काहीतरी कुजबुजल्या आणि खिदळल्या. माझा मात्र हात धरूनच.

घरी येताना डोक्यात तेच. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. मग घोडं अडलंय कुठे?

गुरुवार, २०

वर्गात बसली! चार तास! मी बाहेर बाकावर. दर दहा मिनिटांनी खिडकीत तिचं डोकं — मी आहे ना, बघायला. शिपाईमामा म्हणाले, "बाई, तुमचंही नाव घालून टाका शाळेत." खूप दिवसांनी पोटभर हसले.

उद्या सातवी. काय वाटेल ते होवो, उद्या करायचीच.

शुक्रवार, २१

फाटकाशी सांगितलं — आता मी लॅबमध्ये जाते, दोनला घ्यायला येते. तिनं मनगट असं धरलं की नखं रुतली. "तू नको जाऊस ना! आई, तू नको जाऊस!" पुस्तक म्हणतं, निरोप छोटा ठेवा. मी हात सोडवला आणि चालू लागले. फार वाईट वाटलं, तरी चालत राहिले.

साडेअकराला वर्गाच्या बाईंचा फोन — ताबडतोब या. धावत गेले. ठकी रडून रडून लाल. टेबलावर तिचं दप्तर उघडं. वह्यांच्या खाली रुमालात बांधलेल्या माझ्या झोपेच्या गोळ्या. सगळ्या. मला वाटलं होतं, संपल्या.

"मी सांभाळते," म्हणाली. "बाबा गेले तेव्हा तू फोनवर मावशीला म्हणालीस ना, मला आता जगायचंच नाही."

म्हणाले होते. दार लावलं होतं, तरी ऐकलं तिनं. शाळेला ती कधी घाबरलीच नव्हती. इतके दिवस पोर माझ्यावर पहारा देत होती, आणि मी तिला पायऱ्या चढवत होते!

'अगं, रागात बोलतो माणूस' — ओठांवर आलं होतं. पण खोटं बोलवेना. त्या दिवशी ते खरं होतं. अजूनही काही सकाळी खरं असतं. तिला जवळ घेतलं आणि तेवढंच सांगितलं — मी मदत मागणार आहे. आजच. ताईला तिथूनच फोन लावला, तिच्यासमोर.

सोमवार, २४

डॉक्टरीणबाईंकडे माझी वेळ सकाळी आठची. ठकी गणवेशात सोबत आली. दवाखान्याच्या दाराशी म्हणाली, "सगळं खरं सांग हं. लपवू नकोस." मी आत जाऊन खुर्चीत बसेपर्यंत थांबली.

मग मावशीबरोबर शाळेत गेली.