पुण्याहून येणारी वेळ

१० फेब्रुवारी १९८९, शुक्रवार

यंत्राने तुळसाला घालवलं!

बालवाडी सेविकेच्या जागेसाठी अर्ज द्यायचा, मुदत आज पाचपर्यंत. जूनमध्ये तिला पस्तिसावं लागतं, म्हणजे पुन्हा संधी नाही. शेजारचीच, अर्ज माझ्याकडून लिहून घ्यायला आली. सारखी दाराकडे बघत होती. "काका, उशीर नाय ना व्हायचा?" म्हटलं, बस गं, रग्गड वेळ आहे. 'सविनय' आणि 'कृपाभिलाषी' यांच्यामध्ये जरा बरं मराठी घातलं.

कचेरीत पोचलो तेव्हा माझ्या मनगटावर चार बावन्न. खिडकीतल्या कॉम्प्युटरने कुरकुरत पावती छापली — पाच वाजून सहा! मुदतीनंतर. अर्ज परत.

मी घड्याळ खिडकीत धरून दाखवलं. ऑपरेटर महिपत म्हणतो, "काका, मशीन सांगेल ती वेळ." आम्ही आपले नंदीबैल!

तुळसाने अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली.

११ फेब्रुवारी

महिपतला पुन्हा गाठला. चाळिशीचा गृहस्थ, परवापर्यंत टंकलेखक. पुण्यात सहा आठवडे शिकून आला आणि सर्वज्ञ झाला. विचारलं, हे घड्याळ लावतं कोण?

"कोण नाय. रोज सकाळी दहाला पुण्याचं मोठं मशीन टेलिफोनच्या तारेतून वेळ पाठवतं. हे आपलं जुळवून घेतं."

आणि नाही जुळवलं तर?

"जुनं मशीन हो. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं."

ऐका! एवढं थोरलं धूड, त्याला थंड हवेची खोली, आणि वेळ मात्र माधुकरी मागून! आमच्याकडे सूर्यसुद्धा आता पुण्याला विचारूनच मावळत असेल.

१२ फेब्रुवारी, रविवार

अंगणात काठी उभी केली. सावली सर्वांत आखूड झाली की रत्नागिरीत बारा सदतीस — रेखांशाचा हिशेब मी स्वतः केलेला. संक्रांतीला रेडिओ मुका झाल्यापासून दर रविवारी असंच घड्याळ लावतो. पहिल्याच वेळी ते नऊ मिनिटं पुढे सापडलं होतं. आकाशवाणीवरची श्रद्धा तेव्हाच उडाली.

आज अर्ध्या मिनिटाचा फरक. साक्षात सूर्यनारायण माझ्या बाजूचा साक्षीदार. महिपतकडे कोण? पुण्याची तार!

१५ फेब्रुवारी

वर्तमानपत्राला मी लिहून दिलेली बातमी आली — पान तीन, मथळाही माझाच. 'यंत्राच्या चुकीने उमेदवार वंचित.' साहेबांनी महिपतकडे खुलासा मागितला आहे. सोमवारी चौकशी.

तुळसाने विचारलं, "घेतील हो अर्ज?" म्हटलं, न घेऊन सांगतात कोणाला!

१८ फेब्रुवारी

दुसरा लेख लिहायला बसलो. विषय — सावलीवरून वेळ कशी ओळखावी. अडाण्यांना शहाणं करावं म्हणून पाठशाळेतली ज्योतिषाची वही काढली.

भुजांतर. उदयांतर.

सूर्य वर्षभर एका चालीने चालत नाही. मध्यान्ह कधी लवकर, कधी उशिरा; माघात तर चांगलीच उशिरा. अठराव्या वर्षी हे घडाघडा म्हणून दाखवलं होतं, शाबासकी घेतली होती. आणि आता बारा सदतीस — बारा महिने!

गणित तीनदा केलं. तिन्ही वेळा चौदा मिनिटं. माझं घड्याळ चौदा मिनिटं मागे.

म्हणजे शुक्रवारी खरंच पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. मागे पडणारं मशीन पुढे जाईलच कसं — हे महिपतने तोंडावर सांगितलं, मी ते टिंगलीसाठी लिहून घेतलं! तुळसाला यंत्राने घालवलं नाही. मी घालवलं, समोर बसवून, 'कृपाभिलाषी' घोटत.

लेख फाडला.

१९ फेब्रुवारी, रविवार

काठी उभी केली नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

खरं सांगून टाकायचं ठरवून कचेरीत गेलो. त्याआधीच महिपतने साहेबांना लिहून दिलं होतं — 'त्या दिवशी तार बंद होती, वेळ मी हाताने लावली, चूक माझी.' तुळसाचा अर्ज घेतला. महिपतच्या नावावर ठपका.

बाहेर व्हरांड्यात त्याला धरला. तार खरंच बंद होती का रे?

इकडेतिकडे बघून त्याने हात पुढे केला. "काका, ते घड्याळ द्या बघू. चौदा मिनिटं पुढे करतो."